कारखान्याचं सांडपाणी : ट्रेनिंग नेमकं कोणाला?

पेणमध्ये ‘कारखाना’ म्हटलं की आधी गणपतीचा कारखाना आठवतो आणि रोह्यात म्हटलं की धाटावची एमआयडीसी. एकीकडे रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी, दुसरीकडे केमिकल प्लँटचं सांडपाणी. पेणची नदी भोगावती, रोह्याची कुंडलिका. दोन्हीकडे प्रश्न एकच : पाणी बिघडू नये म्हणून शिकवायचं कोणाला?

आपल्याला वाटतं, ईटीपी चालवणाऱ्या ऑपरेटरला. पण ईटीपीत काय येणार हे तो ठरवत नाही. ते प्रॉडक्शन मॅनेजर ठरवतो. एक काल्पनिक उदाहरण सोडवू या.

समजा, रोजचं सांडपाणी 95 घनमीटर आहे आणि त्याचा सीओडी लिटरला 2000 मिलिग्रॅम. म्हणजे भार झाला 190 किलो. त्याच दिवशी रिअॅक्टर धुतला. ते पाणी फक्त 5 घनमीटर, पण सीओडी 60,000. म्हणजे भार 300 किलो! दोन्ही एकत्र केलं की 100 घनमीटर पाणी आणि सीओडी 4900. पाच टक्के पाण्यात साठ टक्क्यांहून जास्त घाण. एरेशन टँकमधल्या जिवाणूंना हा धक्का सोसत नाही आणि ते सावरायला बरेच दिवस जातात. धाटावसारख्या ठिकाणी सामायिक सांडपाणी केंद्र असतं, तिथे एकाच्या चुकीचा फटका सगळ्यांना बसतो.

उपाय साधा आहे : ते 5 घनमीटर वेगळं साठवा, वेगळी प्रक्रिया करा. साधं पाणी ओतून आकडा खाली आणता येतो, पण किलो तेवढेच राहतात आणि नदीला किलोच भोगावे लागतात. नदीत सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा सीओडीसाठी 250 आणि बीओडीसाठी 30 मिलिग्रॅम आहे. हे गणित मॅनेजरला आलं, तर अर्धं काम गेटच्या आतच होतं.

आता अधिकारी. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 पासून आहे. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 मध्ये नमुना कसा घ्यायचा ते लिहिलं आहे : कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, दोघांनी सह्या करायच्या. ही पद्धत चुकली तर रिपोर्ट कोर्टात टिकत नाही. शिवाय वेळेचंही भान हवं. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं आणि खाली खाडीत भरती-ओहोटी असते. भरतीला घेतलेली बाटली आणि ओहोटीला घेतलेली बाटली एकच गोष्ट सांगणार नाही.

पेणच्या छोट्या कारखान्यांना ईटीपी कुठून परवडणार? तिथे शिकवणं वेगळं : उरलेला रंग आधी पुसून घ्या, मग ब्रश धुवा, पाणी टाकीत निवळू द्या, खाली बसलेला गाळ गटारात टाकू नका.

कारखान्याला दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरावं लागतं. पुष्कळदा ते नुसतं ‘पेपरवर्क’ समजलं जातं. खरं तर किती पाणी घेतलं, किती माल झाला आणि किती वाया गेलं, याचा तो वर्षाचा ताळेबंद आहे.

आपल्यातले बरेच जण उद्या अशाच प्लँटमध्ये लागतील, काही जण मंडळातही जातील. त्या कागदावर सही आपली असेल आणि खाली खाडीत जाळं टाकणारा माणूस त्या सहीच्या भरवशावर असेल. म्हणून लॅबमध्ये सीओडीचं प्रॅक्टिकल करताना मित्राचं रीडिंग उतरवू नका. स्वतः टायट्रेट करा.