विमानाचे पंख आणि गवंड्याचा ओळंबा

विमान म्हणजे प्रचंड कारखान्यांतच जन्मणारी वस्तु, अशी आपली समजूत असते. परंतु १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉक येथें १२ सेकंदांत १२० फूट उडालेलें विमान राइट बंधूंनीं आपल्या सायकलींच्या दुकानांत घडविलें होतें. मुंबईच्या कांदिवली उपनगरांत वैमानिक अमोल यादव यांनीं इमारतीच्या गच्चीवर बांधलेलें विमान २०१६ सालीं लोकांस पाहावयास मिळालें. अशा घरगुती बांधणींत धडाला पंख बसविणें हें फार जोखमीचें काम. त्याची रीत आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम धड ठोकळ्यांवर ठेवून पाणसळीनें लांबींत व रुंदींत समपातळींत आणावें. पायाच तिरपा असेल, तर पुढील सर्व मापें खोटीं ठरतात. नंतर तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली, पंख पुढेंमागें झुकले नाहींत ना? शेपटीच्या मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत पोलादी फीत ताणावी. अंतरें समान भरलीं पाहिजेत. भूमितींतला समद्विभुज त्रिकोण तो हाच! परंतु दोन्ही पंख सारखेच मागें गेले असतील, तर ही चूक फितीला कळत नाहीं. म्हणून पुढच्या कडेवरून चार ओळंबे सोडावे. पंख सरळ ठेवावयाचे असतील, तर ते चारही एका दोरीला लागले पाहिजेत.

दुसरी गोष्ट उचल. बहुतेक लहान विमानांचे पंख टोकांकडे किंचित वर गेलेले असतात. त्यामुळें कललेलें विमान सावरण्यास मदत होते. १२ फूट लांब पंखास ३ अंशांची उचल द्यावयाची, तर टोक मुळापेक्षां सुमारें साडेसात इंच उंच राहील. ही उंची दोहींकडे सारखी हवी.

तिसरी व सर्वांत नाजूक गोष्ट, पंख धडाशीं बसतो तो कोन. ४ फूट रुंद पंखांत अर्ध्या अंशाची चूक म्हणजे अर्ध्या इंचाहूनही कमी फरक. तो डोळ्यास दिसत नाहीं, पण वाऱ्यास कळतो. अधिक कोनाचा पंख वर उचलला जातो, विमान दुसऱ्या बाजूस लवतें आणि वैमानिकास सतत दांडा धरून बसावें लागतें. उतरतांना वेग मंदावला, कीं तोच पंख आधीं आधार सोडण्याचा संभव असतो. त्या वेळीं सावरावयास उंची उरलेली नसते. यास्तव दोन्ही पंखांस एकच लाकडी साचा लावून व त्यावर पाणसळ ठेवून कोन तपासावा.

एक माप सुधारलें, कीं दुसरें हलतें. म्हणून तिन्ही मापें जुळेपर्यंत पंख नुसते आवळून धरावे आणि दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्यावे. भोंक त्यानंतरच पाडावें; पडलेलें भोंक मागें सरकवितां येत नाहीं.

राइट बंधूंच्या विमानाचा उजवा पंख डाव्यापेक्षां ४ इंच लांब होता. त्या बाजूचें यंत्र वैमानिकापेक्षां जड होतें, म्हणून त्यांनीं तो मुद्दाम तसा केला. फरक असावा तर तो असा हिशेबाचा, हयगयीचा नसावा. विद्यार्थिमित्रांनो, वहींतलें चुकलेलें उत्तर खोडतां येतें. विमानाचें माप मात्र जमिनीवर असतांनाच खरें करावें लागतें.