रक्ताच्या नळ्या ताठ का होतात?

आपल्या अंजनगावाकडे पानपिंपळीचे मळे आहेत. मळ्यातली नवी रबरी नळी लवचीक असते. उन्हातान्हात जुनी झाली की ताठ होते. मग जोराचे पाणी सोडले की तडकते.

आपल्या अंगातही रक्ताच्या नळ्या आहेत. पण त्या जिवंत आहेत. त्यांना आतून पातळ अस्तर असते. अस्तर एक वायू सोडते. त्याने नळी सैल पडते अन् रक्त सुखाने वाहते. १९८० साली अमेरिकेत फर्चगॉट नावाच्या शास्त्रज्ञांनी सशाच्या नळीवर प्रयोग केला. अस्तर खरवडले, तर औषध घालूनही नळी सैल पडेना!

पुढे उंदरांवर प्रयोग झाले. म्हातारपणी त्यांच्या नळ्या कमी सैल पडतात. त्यात रक्तदाब जास्त असला, तर आणखीच कमी. माणसाचेही तसेच आहे.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. तिशी उलटली की सरकारी दवाखान्यात तो मोजून घ्यावा. पुन्हापुन्हा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांना विचारावे. दिवसाला मीठ एका लहान चमच्याहून जास्त नको. तंबाखू सोडावी. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. मळ्यातली नळी बदलता येते. अंगातल्या नळ्या जपाव्याच लागतात, बरं का!