दगडी गोठ्याचे चित्र

मंडळी, गोठा आपण रोज पाहतो. आज एका परदेशी गोठ्याचे चित्र कसे काढतात ते पाहू.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे स्वेल नदीच्या खोऱ्यात शेकडो जुने दगडी गोठे आहेत. ते कुरणातच बांधलेले असतात. पूर्वी शेतकरी उन्हाळ्यात गवत वाळवून गोठ्याच्या माळ्यावर भरी. हिवाळ्यात खाली चारसहा गुरे बांधी. रोज बर्फ तुडवीत जाई, वैरण घाली, धार काढी. शेणखत त्याच कुरणाला घाली. गवत दूर न्यायला नको, की खत वाहायला नको!

आता चित्राकडे वळू. चित्रकार लगेच रंग घेत नाही. आधी नीट पाहतो. ऊन कुठून येते? तिथे हिवाळ्यात सूर्य भर दुपारीही माथ्यावर येत नाही. म्हणून सावल्या लांब पडतात. बर्फ पांढरा, पण त्यावरची सावली निळसर दिसते. तिच्यावर निळ्या आभाळाचा उजेड पडतो ना!

मग पेन्सिलीने हलक्या रेघा काढायच्या. बर्फ असेल तिथे कागद कोराच ठेवायचा. तोच बर्फ!

भिंत नुसती काळी रंगवू नये. निळा आणि तपकिरी रंग पाण्यात मिसळला, की दगडाचा करडा रंग होतो. कुठे दगडफुलाचे पिवळट ठिपके द्यावेत. भिंतीतून काही लांब दगड ओळीने बाहेर डोकावतात. ते भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून धरतात. त्यांच्याखाली बारीक सावली द्यावी. दाराचा अंधार शेवटी भरावा.

छप्पर वाकले असेल, तर वाकलेलेच काढावे. कारण ते खरे आहे. आता ट्रॅक्टर आले, मोठ्या शेड झाल्या. पुष्कळ गोठे ओस पडले. छपराची एक फरशी निसटली, की पाणी शिरते, लाकूड कुजते आणि छप्पर बसते. मागून भिंतही ढासळते. १९५४ साली तो भाग राष्ट्रीय उद्यान झाला. काही गोठे दुरुस्त झाले. पण सगळे टिकणार नाहीत. गोठा पडला, तरी खरे चित्र सांगेल, की इथे माणसे अशी राबत होती.

तुमच्या गावातही एखादा जुना गोठा असेल. उद्या सकाळी तो नीट पाहा. पाटीवर त्याचे चित्र काढा. खाली तो कोणी बांधला ते लिहा.

प्रश्न
१. बर्फ दाखवायला कागद कोरा का ठेवतात?
२. वाकलेले छप्पर सरळ का काढू नये?