साठवणीचा विवेक

मे महिना सरत आला की रायगडच्या किनाऱ्यावर आगोटीची लगबग सुरू होते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणून वाळवलेले बोंबील, जवळा आणि सोडे डब्यांत भरून ठेवतात. शेतकऱ्याच्या घरी भात साठवलेले असते. परंतु पेरणीचे बियाणे निराळे बांधलेले असते. घरात कितीही अडचण आली, तरी त्याला कोणी हात लावीत नाही.

व्हिडिओ गेम खेळण्याच्या कन्सोलमध्येही असेच एक कोठार असते. काही कन्सोलमध्ये ते हार्ड डिस्कचे असते. 2013 साली प्रथम विक्रीस आलेल्या प्लेस्टेशन 4 या यंत्रात 500 जीबीची हार्ड डिस्क होती. त्यांतील काही जागा यंत्राच्या स्वतःच्या कारभारास लागे; खेळांसाठी सुमारे 400 जीबी उरत. ब्लू-रे तबकडीवर 50 जीबीपर्यंत माहिती मावते. असे मोठे आठ खेळ साठवले की कोठार भरलेच!

मग खेळ तबकडीवरूनच का खेळू नये? तबकडीवरील हवी ती माहिती शोधून वाचण्यास वेळ लागतो. हार्ड डिस्कवरून ती लवकर मिळते. म्हणून तबकडीवरील खेळ प्रथम हार्ड डिस्कवर उतरवून घेतात. यालाच खेळ इन्स्टॉल करणे म्हणतात. तरीही खेळताना तबकडी यंत्रात ठेवावीच लागते. कारण तीच मालकीची खूण असते.

समजा, अलिबागच्या एका घरात असा कन्सोल आहे. थोरल्या भावाने नवा खेळ आणला. पण जागा शिल्लक नाही. धाकटी बहीण 'राजी' हा खेळ खेळत असे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला तो खेळ 2020 साली प्रसिद्ध झाला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा. भाऊ तो खेळ पुसू लागला. त्याच ओघात खेळाची जतन केलेली नोंदही पुसण्यासाठी त्याचा हात वळला.

"दादा, खेळ पुसलास तरी चालेल," बहीण कळवळून म्हणाली, "पण माझी नोंद पुसू नकोस!"

भाऊ थबकला. विकत घेतलेला खेळ इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेता येतो. परंतु कोणता टप्पा पार केला, काय मिळवले, हे त्या नोंदीत असते. दुसरीकडे प्रत ठेवली नसेल, तर ती पुन्हा मिळत नाही. शिवाय ती इतकी लहान असते, की पुसून जागाही फारशी मिळत नाही. प्लेस्टेशन 4 मध्ये खेळ आणि नोंद वेगवेगळी राहतात. एक काढले तरी दुसरे टिकते.

भावाने खेळ तेवढा काढला. नोंदीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो पेन ड्राइव्ह त्याने बहिणीच्या हाती दिला. तिने तो आपल्या कंपासपेटीत जपून ठेवला. शेतकरी बियाणे ठेवतो तसा.