अमेरिकेत जमलं, इंग्लंडमध्ये का नाही?

प्रश्न : समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला ‘पुराव्यावर आधारित काम’ शिकवतात. एका देशात सिद्ध झालेली योजना दुसऱ्या देशानं जशीच्या तशी उचलली, तर तिथंही ती तेवढीच उपयोगी पडते का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पडेलच असं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी १९७७च्या सुमारास डेव्हिड ओल्ड्स यांनी एक प्रयोग सुरू केला. पहिलटकरणींच्या घरी परिचारिका जायच्या, गरोदरपणापासून थेट मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. यातल्या बहुतेकजणी कोवळ्या वयाच्या, अविवाहित किंवा गरीब. भेटी कुणाला मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. म्हणूनच पुढं दिसलेल्या फरकाला वजन आलं. मुलं १५ वर्षांची झाली तेव्हा भेटी मिळालेल्या कुटुंबांत मुलांच्या छळाच्या आणि आबाळीच्या नोंदी जवळपास निम्म्याच होत्या.

इंग्लंडनं २००७ मध्ये ही योजना आणली आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे स्वतः तपासूनही पाहिली. १९ वर्षांपर्यंतच्या पहिलटकरणींवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. गरोदरपणातलं धूम्रपान, बाळाचं जन्मवजन, लवकर राहिलेला दुसरा गर्भ, बाळाला तातडीनं इस्पितळात न्यावं लागणं, या चारही मुख्य बाबतींत फरक शून्य!

परिचारिका कमी पडल्या असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याशी तुलना केली, त्या मुलीही इंग्लंडात वाऱ्यावर नव्हत्या. फुकट डॉक्टर, सुईण, घरी येणारी आरोग्यसेविका हे सगळं त्यांना मिळतच होतं. म्हणून कुठलाही अहवाल हाती आला की मी आधी तुलनेचा गट पाहते. त्या लोकांना काय मिळत होतं, हे कळल्याशिवाय ‘योजना चालली’ या वाक्याला अर्थ नाही.

पण एवढ्यानं कोडं सुटत नाही. नेदरलँड्समध्येही माता-बालसेवा उत्तम आहेत, तरी हीच योजना राबवल्यावर तिथं धूम्रपान घटलं, घरातली मारहाण घटली, बालसंरक्षण यंत्रणेकडच्या तक्रारीही कमी झाल्या. तिथं फक्त वय पाहिलं नव्हतं. कमी शिक्षण आणि त्यावर आणखी अडचणी असलेल्या तरुणी निवडल्या होत्या. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच दारी परिचारिका पोहोचली.

इंग्लंडची गोष्टही २०१५ला संपली नाही. त्याच चाचणीतली मुलं पुढं शाळेत गेली. पहिल्या वर्षाच्या मूल्यमापनात भेटी मिळालेल्या घरांतली मुलं थोडी पुढं असल्याचं आढळलं.