सरकणारे नववर्ष

तुमच्या घरातील दिनदर्शिकेत पारशी नववर्षाची तारीख पाहा. २०२४ ते २०२७ या चार वर्षी ते १५ ऑगस्टला येते, त्यामुळे तुमची एक सुट्टी बुडते! १९८४ साली हेच नववर्ष २५ ऑगस्टला होते आणि २००४ साली २० ऑगस्टला. चाळीस वर्षांत दहा दिवस मागे. पाचगणीच्या जुन्या पारशी बंगल्यांतून साजरा होणारा हा सण असा मागे का सरकतो?

पारशी वर्षात ३० दिवसांचे १२ महिने आणि शेवटी ‘गाथा’ नावाचे ५ दिवस असतात. एकूण ३६५. पृथ्वीला सूर्याभोवती फिरून पुन्हा त्याच ऋतूत यायला मात्र ३६५.२४२२ दिवस लागतात. हे वरचे ०.२४२२ दिवस, म्हणजे सुमारे ५ तास ४९ मिनिटे, आपण लीप वर्षात भरून काढतो. पारशी पंचांगात लीप दिवस नाही.

आता गणित करू. ही कालगणना इराणचा राजा तिसरा यज्दगर्द याच्या राज्यारोहणाच्या वर्षापासून, १६ जून ६३२ पासून, मोजतात. आजच्या ग्रेगरी पद्धतीने ती तारीख १९ जून होते. २०२४ मध्ये १३९४ वे वर्ष लागले, म्हणजे १३९३ वर्षे पुरी झाली.

१३९३ × ०.२४२२ = ३३७.४ दिवस

१९ जूनपासून ३३७ दिवस मागे मोजा. तुम्ही १७ जुलैच्या आसपास पोहोचाल. कदमी पारश्यांचे नववर्ष त्या साली १६ जुलैलाच होते! शहेनशाही पारश्यांचे त्यानंतर बरोबर ३० दिवसांनी येते, कारण भारतात पूर्वी एकदा एक अधिक महिना धरला गेला असे मानतात. इराणात तो धरला नव्हता. हा फरक ध्यानात आल्यावर १७४५ साली सुरतेत काहींनी इराणची गणना स्वीकारली, तेच कदमी. पुढे १९०६ साली खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी फसली मंडळ काढले व २१ मार्चचे, लीप दिवस असलेले वर्ष पुरस्कारिले. बहुसंख्य पारशी मात्र जुन्या गणनेलाच धरून राहिले. प्रार्थनेचा दिवस बदलणे हे गणिताइतके सोपे नसते.

इराक व इराणमधील मँडियन लोक वाहत्या पाण्यात स्नानविधी करतात. त्यांचे वर्षही असेच ३६५ दिवसांचे, लीप दिवसाविना. पहिल्या महिन्याचे नाव ‘दौला’, म्हणजे कुंभ रास. पण सध्या तो जुलैच्या मध्यात सुरू होतो, तेव्हा सूर्य कर्केत असतो.

आपल्याकडे राज्यकर्त्यांना असे सरकणे परवडत नव्हते. सातारा-सांगलीच्या कुणब्याचा सारा पिकावर, पीक पावसावर. म्हणून मराठी दप्तरांतील सुहूर सनाचे आकडे अरबी असले, तरी वर्षारंभ सूर्य मृगात शिरला की होई. त्याला मृगसालच म्हणत.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. मँडियनांचे जादा पाच दिवस वर्षाअखेर नसून आठव्या महिन्यानंतर येतात. सध्या ते कोणत्या इंग्रजी महिन्यात पडतील? आणि शंभर वर्षांनी?