शिवडी कितवे स्टेशन?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येतात. वय पंचावन्नच्या पुढे. सगळे त्यांना काकी म्हणतात. गाव संगमेश्वर तालुक्यातले. पहिल्या दिवशी आम्ही विचारले, "काकी, या वयात शिकावंसं का वाटलं?"

काकी म्हणाल्या, "शिवडीला जाताना चुकले, म्हणून."

मग त्यांनी हकीकत सांगितली, ती अशी.

काकींच्या यजमानांना क्षय झाला. भाच्याने त्यांना मुंबईस नेले. शिवडीला महापालिकेचे क्षयरोगाचे मोठे रुग्णालय आहे. तेथे त्यांना ठेवले. क्षय औषधाने बरा होतो. पण औषध निदान ६ महिने, एकही दिवस न चुकता घ्यावे लागते. इकडे काकींच्या मागे गुरे आणि भातकापणी. कापणी उरकली आणि काकी निघाल्या. एकट्या. जन्मात पहिल्यांदाच.

कोकणातून येणारी गाडी उशिरा पोचली. रात्र झाली होती. भाच्याने आधीच सांगून ठेवले होते, "मामी, सीएसएमटीला उतर. तिथून हार्बरची लोकल धर. बायकांच्या डब्यात बस. सहावं स्टेशन शिवडी. मी तिथं उभा असेन." त्याचा नंबर एका चिठ्ठीवर होता. ती चिठ्ठी पदराच्या गाठीत. मोबाईल होता, पण तो वाटेतच बंद पडला.

पुढचे काकींच्याच तोंडून ऐका.

"मी बोटांवर मोजत बसले. एक, दोन, तीन. मध्येच गाडी अंधारात थांबली. तेही मी मोजलं. सहा झाले तशी उतरले. भाचा कुठं दिसेना. बाहेर आले. एक माणूस पुढं आला. म्हणाला, मावशी, कुठं जायचं? मी म्हटलं, शिवडीच्या इस्पितळात. म्हणाला, चला, मी तिकडंच चाललोय. आणि माझी पिशवी उचलली की हो त्यानं! नको कसं म्हणायचं? भीड वाटली. निघाले मागनं. एका अंगाला गोदामांची भिंत, दुसऱ्या अंगाला उभे ट्रक. दिवे लांब लांब. माणूस नाही. कुत्री तेवढी भुंकत होती. इस्पितळाची वाट अशी असेल का? घशाला कोरड पडली. ओरडावं तर आवाज फुटेना."

पुढे एका गोदामाच्या फाटकाशी दिवा होता. पहारेकरी स्टुलावर बसला होता. काकी तडक त्याच्याजवळ गेल्या. मग आवाज फुटला. "माझा भाचा इथंच येणार आहे! पिशवी ठेवा खाली!"

त्या माणसाने पिशवी ठेवली. काही न बोलता तो निघून गेला.

पहारेकरी उत्तरेकडचा होता. तो म्हणाला, "माताजी, यह शिवडी नहीं, कॉटन ग्रीन है." काकींनी गाठ सोडली. चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्याने नंबर वाचून फोन लावला. भाचा शिवडीला फलाटावर येरझाऱ्या घालत होता. तो धावत आला.

तो माणूस चोर होता की भला, हे काकींना आजही ठाऊक नाही. आम्हालाही नाही. पण त्याची पारख होईपर्यंत काकी त्याच्या मागे चालत राहिल्या नाहीत, हे आम्हाला फार पटते. परक्याला नको म्हणताना आपण उगाच लाजतो.

आता चूक कुठे झाली ते पाहू. सीएसएमटीनंतर मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन आणि शिवडी. शिवडी सहावेच. भाचा खोटे बोलला नव्हता. पण पुढे लाल सिग्नल असला की लोकल दोन स्टेशनांच्या मध्येही थांबते. डब्यातून अंधारात काय कळणार? म्हणून मोजू नये, पाटी वाचावी. फलाटावर पिवळी पाटी असते. तीवर नाव मराठीतही असते. यातल्या काही स्टेशनांची नावे बदलावीत, असा ठराव विधिमंडळाने २०२४ साली केला. कॉटन ग्रीनला काळाचौकी म्हणावे, असे त्यात आहे. तेव्हा नुसते ऐकलेले नाव धरून बसू नये.

शिवडीला उतरल्यावरही बाजू पाहावी लागते. रुग्णालय पश्चिमेला. पूर्वेला बंदराची गोदामे, खाडी आणि जुना किल्ला. थंडीत त्या खाडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला समुद्रावरचा लांब पूलही तिकडूनच निघतो. दिवसा पाहण्याजोगी जागा आहे. रात्री चुकून तिकडे जाऊ नये.

बायकांच्या डब्यावर बाईचे चित्र असते. काही डबे रात्रंदिवस बायकांचे. काही ठरल्या वेळेपुरतेच, मग त्यात पुरुषही चढतात. वेळ डब्यावर लिहिलेली असते. रात्री बायकांच्या डब्यात पोलीस असतो. त्याच्या जवळच्या बाकावर बसावे. रेल्वेत अडचण आली तर १३९ हा नंबर लावावा. रस्त्यावर ११२. हे दोन्ही नंबर आजच वहीत लिहा. घरच्या माणसाचा नंबर मात्र पाठच करा. गाठीतली चिठ्ठी भिजते, हरवते.

काकी वर्गात आल्या तेव्हा म्हणाल्या, "गुरुजी, अ आ मागनं. आधी शिवडी शिकवा." आम्ही शि, व, डी ही तीन अक्षरे फळ्यावर काढली. त्यांनी ती वहीचे पान भरून गिरवली.

दोन महिन्यांनी काकी पुन्हा एकट्या गेल्या. भीती वाटली का, असे आम्ही विचारले. "वाटली तर! छाती धडधडत होती," त्या म्हणाल्या. गाडी पुन्हा अंधारात थांबली. काकी जागच्या हलल्या नाहीत. मग स्टेशन आले. शेजारची एक मुलगी गडबडीने उठली. "मावशी, शिवडी आली का हो?"

काकींनी खिडकीतून पाटी पाहिली. "नाही गं बाई. बस खाली. पुढचं."